बारा ओळींचा तक्ता

एमएस्सीला कणभौतिकी एका पेपरात असते आणि खगोलभौतिकी दुसऱ्यात, बहुतेक ठिकाणी वैकल्पिक. एकीकडे क्वार्क, लेप्टॉन आणि फाइनमन आकृत्या, दुसरीकडे ताऱ्यांची उत्क्रांती आणि चंद्रशेखर मर्यादा. मुलं दोन्हींत उत्तम गुण मिळवतात, पण एकाची दुसऱ्याशी गाठ पडत नाही. ही फाळणी वेळापत्रकाची आहे, निसर्गाची नव्हे.

२३ फेब्रुवारी १९८७ हा दिवस मी ही गाठ घालून देण्यासाठीच शिकवतो. जपानमधल्या कामिओका खाणीत, सुमारे एक किलोमीटर खोल, पाण्याची प्रचंड टाकी होती. प्रोटॉनचा क्षय होतो का, हे पाहायला ती बांधलेली. (आपल्या कोलारच्या खाणीतही तेव्हा हाच शोध चालू होता, हे मुलांना कळायलाच हवं.) क्षय दिसला नाही. पण त्या दिवशी साधारण १३ सेकंदांत टाकीने ११ न्यूट्रिनो टिपले. सुमारे १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षांवर एका ताऱ्याचा गाभा कोसळला होता, आणि त्याची वर्दी प्रकाशाच्या काही तास आधी पोचली होती.

त्या वर्षीच्या मूळ शोधनिबंधात या नोंदींचा तक्ता आहे. तो मी वर्गात वाटतो. त्यात ओळी ११ नाहीत, १२ आहेत. सहावी नोंद ऊर्जेला फार कमी भरली, म्हणून संशोधकांनी ती गाळली, पण तक्त्यातून पुसली नाही. ‘का गाळली?’ असा प्रश्न कुणीतरी विचारतंच, आणि तिथून तास खरा सुरू होतो. मग गणित. न्यूट्रिनोचं वस्तुमान २० इलेक्ट्रॉन-व्होल्ट असतं, तर एक कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा न्यूट्रिनो एवढ्या प्रवासात प्रकाशाच्या जवळजवळ १० सेकंद मागे पडला असता. जास्त ऊर्जेचे आधी, कमी ऊर्जेचे मागून, अशी रांग लागली असती. तक्त्यात तशी स्वच्छ रांग दिसत नाही. म्हणजे वस्तुमान फार मोठं असूच शकत नाही. मेलेल्या ताऱ्यावरून कणाचं वजन अजमावायचं, आणि तेही वहीच्या एका पानावर!

सूत्रं पाठ करून हे कळत नाही. कच्ची नोंद हातात पडावी लागते, तिच्यावर शंका घ्यावी लागते. सहकारी प्राध्यापकांना माझी विनंती आहे: अभ्यासक्रम बदलेल तेव्हा बदलेल, या सत्रातला एक तास या बारा ओळींना द्या.