पाहणाऱ्याचे ऋण

दुसऱ्याचे दुःख पडद्यावर पाहून डोळे पाणावले, की आपले कर्तव्य संपते काय? दोन स्वतंत्र मराठी चित्रपट पाहताना हा प्रश्न मनात आला. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त (2013) जब्याने अखेरीस भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाच्या दिशेने येतो. अनंत महादेवन यांचा ‘बिटरस्वीट’ (2020) तर आमच्या बीड जिल्ह्याचीच व्यथा मांडतो. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. डोक्यावर मुकादमाची उचल. एक खाडा झाला तरी दंड. म्हणून कित्येक स्त्रियांनी गर्भाशयच काढून टाकले. 2019 च्या शासकीय पाहणीत जिल्ह्यातील अशा 13,000 हून अधिक ऊसतोड स्त्रियांची नोंद झाली.

शुभवर्तमानातील याजकानेही जखमी वाटसरूला पाहिले होते. पाहून तो दुसऱ्या बाजूने निघून गेला. शोमरोनी मनुष्य मात्र थांबला, आणि त्याने पदरचे पैसे खर्चिले. चित्रपट आपल्याला त्या वाटेवर आणून सोडतो. पुढचे पाऊल आपले आहे. चहात साखर आपणही घालतो. ती कोणाच्या देहाच्या मोलाने आली, हे कळल्यावर नुसते अश्रू पुरत नाहीत. ऊसतोडीला निघालेल्या शेजाऱ्याला, ‘तुमची लेकरे शाळेसाठी आमच्याकडे राहतील का?’ एवढे जरी आपण विचारले, तरी ते पाहणे सार्थकी लागेल.