गोवर्धनाखाली गाईसुद्धा गेल्या होत्या



आजचं वाचन श्रीमद्भागवत, दशम स्कंध, अध्याय २५. इंद्राचा यज्ञ बंद झाला, तो रागावला, प्रलयाचे मेघ व्रजावर सोडले आणि कृष्णाने गोवर्धन उचलला. गोष्ट पाठ आहे आपल्याला. (गोपांनी काठ्या टेकवल्या ते कीर्तनातलं, या अध्यायात नाही. आमच्या आजोबांना हे सांगितलं असतं तर जेवले नसते दोन दिवस!)

पण आज मी अडकलो ते डोंगर उचलण्यापाशी नाही, त्याच्या पुढे. कृष्ण म्हणतो, या आत, माझ्या हातून डोंगर पडेल अशी भीती धरू नका. आणि मग गोप कसे आत जातात? गाईगुरं, गाडे, घरचे आश्रित, पुरोहित, सगळ्यांना घेऊन, जागा मिळेल तसे. देव डोंगर धरायला उभा आहे, पण दावी सोडायची ती गोपांनीच. कुणी मागे राहिलं असं व्यास लिहीत नाहीत.

आमच्याकडे राहिली.

३ जून २०२०. निसर्ग वादळ दुपारी आमच्या श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आलं. आदल्या दिवसापासून सूचना चालू होत्या. मी काय केलं? आईला "देव आहे ना" म्हणून धीर दिला, तिच्या बीपीच्या गोळ्या, सातबारा, रेशनकार्ड पिशवीत घातलं आणि शाळेत नेऊन बसवलं. त्यात ते करोनाचे दिवस, शाळेत जायचीच लोकांना धास्ती. आई देव्हाऱ्यातला बाळकृष्ण पदरात घेऊन आली. गाय मात्र गोठ्यात बांधलेली राहिली. फणसाची एक फांदी गोठ्यावर आली होती, ती तोडायची दोन वर्षं राहूनच गेली होती. म्हटलं, नंतर बघू.

संध्याकाळी परत आलो तर वाडीत उभी पोफळ शोधावी लागत होती, घरावरचे पत्रे शेजाऱ्याच्या विहिरीत. आणि गोठ्यात फांदीखाली ती. दावं ताणलेलं होतं. तिने ओढून बघितलं होतं, मंडळी. त्यावर मला काही लिहिता येत नाही.

दोन दिवसांनी वटपौर्णिमा. आई उपाशी होती, पण मला एवढंच म्हणाली, "बाळकृष्णाला मी उचलून नेलं, त्याच्या गाईला कोण नेणार होतं रे?"

तेव्हापासून आगोटीची बेगमी करताना तांदूळ-मिरचीबरोबर बाकीचंही बघतो. सुक्या झावळ्या आणि धोक्याचे नारळ उतरवून घेतो. घरावरच्या फांद्या वैशाखातच तोडतो. पत्र्यांचे हूक बघायचे, कागद दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत, टॉर्च, पिण्याच्या पाण्याच्या कळश्या भरून झाकून. निघताना गॅस आणि मेन स्विच बंद. आणि जनावर वेळेत सुरक्षित जागी न्यायचं, नेता येत नसेल तर निदान दावं सोडायचं. सरकारी पत्रकात हे असतंच, मीच कधी वाचलं नव्हतं. आणि पावसाळ्याआधीच वादळ येतं असं नाही, आपल्या समुद्रात ते पावसाळा सरल्यावरही येतं. २००९चं फयान नोव्हेंबरात आलं. कार्तिक होता. गोवर्धनपूजासुद्धा कार्तिकातलीच, बघा.

अजून एक. सात दिवस कृष्ण हलला नाही, पाऊस थांबला, तरी गोप आपणहून बाहेर पडत नाहीत. तोच सांगतो, वारा-पाऊस थांबला, नद्यांचं पाणी ओसरलं, आता बायकामुलांना आणि गोधनाला घेऊन निघा. वादळाचा डोळा डोक्यावर आला की वारा एकदम पडतो, लोकांना वाटतं संपलं, पत्रे गोळा करायला बाहेर येतात, आणि मग उलट दिशेने वारा सुटतो. म्हणून सांगितल्याशिवाय निघायचं नाही.

यंदा गोठ्यात नवी कालवड आहे. शाळेच्या मागच्या पक्क्या शेडमध्ये तिला बांधू द्याल का म्हणून परवा विचारून आलो. हो म्हणालेत. आज दुपारी आई स्वतः चालत जाऊन जागा बघून आली, म्हणाली, दार अरुंद आहे, पण जाईल.