भावाभावांचा हिशेब

संस्कृतात ‘भ्रातृव्य’ असा एक शब्द आहे. भावाचा मुलगा हा त्याचा एक अर्थ आणि शत्रू हा दुसरा. पाणिनीने ह्या दोहोंसाठी दोन स्वतंत्र सूत्रे रचून ठेविली आहेत. मराठीने तर संस्कृतावरही ताण केली. भाऊ आणि बंधू एकत्र आणून तिने ‘भाऊबंदकी’ हा शब्द घडविला आणि त्याला अर्थ दिला तो कलहाचा. भाषेला जे इतके पूर्वीपासून ठाऊक आहे, ते घरात मात्र आपण कबूल करीत नाही. भावंडांमधील मत्सर हा केवळ संस्कारांचा दोष, असे म्हणून आपण मोकळे होतो.

मला हे निदान उथळ वाटते. सुबत्तेच्या घरातील मुले खेळण्यावरून भांडतात आणि संध्याकाळी विसरतात. ओढगस्तीच्या घरात वाटणीला येते ती वस्तू निराळी असते. ती म्हणजे आईबापांची आशा. भाकरी चौघांत थोडीथोडी वाटता येते; आशा तशी वाटता येत नाही. ती एकावरच लावावी लागते आणि बाकीच्यांनी तिचा खर्च सोसावयाचा असतो.

इंग्रजी वाङ्मयाच्या वाचकांस यॉर्कशायरमधील हॉवर्थ गावचे ब्राँटे कुटुंब परिचित आहे. १८२१ साली आई वारली. १८२५ साली दोघी थोरल्या बहिणी गेल्या. मागे राहिली ती शार्लट, ब्रॅनवेल, एमिली आणि ॲन. पुढल्या वर्षी वडिलांनी ब्रॅनवेलसाठी लाकडी शिपाई आणले. बहिणींनी त्यांतला एकेक पटकाविला. शार्लटने आपल्या शिपायाचे नाव वेलिंग्टन ठेविले, तर ब्रॅनवेलने आपल्याचे बोनापार्ट! त्या खेळातून कल्पित राज्ये उभी राहिली, चिमुकल्या वह्या भरल्या. इथवरची चढाओढ निकोप होती. पुढे घराची आशा ह्या एकुलत्या मुलावर बसली. बापाने त्यास घरी लॅटिन-ग्रीक शिकविले, चित्रकलेची शिकवणी लाविली. बहिणी परक्यांच्या घरी राहून त्यांच्या मुलांस शिकवू लागल्या. त्याच्या हातून चित्रे काढणे, रेल्वेची नोकरी, शिक्षकी, काहीच धड टिकले नाही. दारू आणि अफू तेवढी टिकली. १८४७ साली तिघी बहिणींच्या कादंबऱ्या टोपण नावांनी प्रसिद्ध झाल्या. १८४८ च्या सप्टेंबरात तो वारला. आपल्या बहिणींनी काय करून ठेविले आहे हे त्यास कधीच कळले नाही, असे शार्लटनेच मागाहून लिहिले. त्यास स्वतःच्या वाया गेलेल्या आयुष्याचा पश्चात्ताप होईल म्हणून सांगितले नाही, हे तिने दिलेले कारण. ही करुणा खरी की, जिच्या खर्चावर तो वाढला त्या बहिणीची ही थंड शिक्षा, ह्याचा निर्णय मी अजून करू शकलेलो नाही. बहुधा दोन्ही.

त्याने १८३४ च्या सुमारास बहिणींचे एक चित्र काढिले होते. त्यात प्रथम तो स्वतःही होता. मग त्या जागी त्याने खांब रंगविला. १९१४ साली आयर्लंडमध्ये एका कपाटावर घडी घातलेल्या स्थितीत ते चित्र सापडले. आता लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे. वरचा रंग विरत गेला तसतशी त्या खांबातून त्याची आकृती दिसू लागली आहे. आशा ज्याच्यावर लागते तो भाग्यवान, हा समज ज्यांचा असेल त्यांनी ते चित्र अवश्य पाहावे.

मी स्वतः अशा आशेवर वाढलेला मनुष्य आहे, म्हणून हे बोलतो. १९८२ च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. त्याची रीतसर अखेर कधी झालीच नाही. वडील साचेखात्यात होते. मी सहावीत, दादा नववीत. जूनमध्ये दादास शाळेतून काढून वाण्याच्या दुकानात ठेविले. त्यानंतर आई त्यास आधी वाढू लागली, वडील त्याचा सल्ला घेऊ लागले, आणि मी मनातून जळू लागलो. एका रात्री त्याने माझी नकाशांची वही फाडली. तो मिळवता होता, सबब त्यास कोणी बोलले नाही. हा अन्याय मी कित्येक वर्षे जपून ठेविला होता.

कॉलेजात मी विभागप्रमुख झालो तेव्हा घरच्या मंडळींनी जेवण केले. मी चार शब्द बोललो आणि दादाच्या त्यागाचा उल्लेख गहिवरून केला. पुढे हात धुताना तो म्हणाला, “अरे, मी शाळा सोडली नव्हती. मला काढली होती.”

त्यागास इच्छा लागते. पंधरा वर्षांच्या मुलास कोणी ती विचारली नव्हती. ज्याला लाभ झाला तोच दुसऱ्याच्या हानीस त्याग म्हणतो, आणि मग त्या दुसऱ्यास कुरकुर करण्याचीही सोय उरत नाही. कृतज्ञतेचा हा एक फार सोयीस्कर उपयोग आहे; आपल्या सत्कारसमारंभांत तो सर्रास होतो. वडिलांस दोष द्यावा, तर त्यांनी आमच्या बुद्धीची तुलना केलीच नव्हती. वाण्यास पोती उचलणारा पोरगा पाहिजे होता, म्हणून त्यांनी आमची उंची पाहिली. म्हणजे फिर्याद खरी, पण आरोपी कोणी नाही. तथापि आरोपी नाही म्हणून फिर्याद खोटी ठरत नाही, आणि ‘जाऊ दे, झाले गेले’ असे जो म्हणतो, शिल्लक बहुधा त्याच्याच पदरात पडलेली असते.

त्या दिवशी मी त्यास वहीचेही विचारले. त्यास ती आठवत होती. वही त्याचीच, त्याच्या सहावीतली होती. वरचे नाव तेवढे खोडून मी माझे घातले होते.