स्थित्यंतर पावलेली उपासनास्थाने

आमच्या मंडळाचे एक वयोवृद्ध सभासद गतवर्षी तुर्कस्थानचा प्रवास करून आले. मासिक सभेत त्या प्रवासाचे कथन करावे, अशी विनंती त्यांना करण्यात आली व त्यांनी ती मान्य केली. भाषणापूर्वी त्याचे टाचण प्रस्तुत लेखकाने एकवार नजरेखालून घालावे, अशी त्यांची इच्छा होती. म्हणून ते कागद माझ्या हाती आले. त्यांतून जो प्रश्न उत्पन्न झाला तो केवळ आम्हां दोघांचा नाही असे वाटल्यावरून, त्यांच्या अनुमतीने, तो वाचकांपुढे ठेवीत आहे.

टाचणाचा मोठा भाग इस्तंबूल येथील हागिया सोफिया या वास्तूने व्यापला होता. ‘पवित्र प्रज्ञा’ असा त्या ग्रीक नावाचा अर्थ. बायझंटाइन सम्राट जस्टिनियन याने हे चर्च इ. स. ५३७ मध्ये पूर्ण करविले. त्यानंतर नऊ शतकांहून अधिक काळ तेथे ख्रिस्ती उपासना चालली. २९ मे १४५३ रोजी सुलतान दुसरा मेहमद याने नगर जिंकले आणि चर्चची मशीद झाली. पुढे १९३४ च्या निर्णयाने तेथे संग्रहालय झाले, आणि जुलै २०२० मध्ये पुनश्च मशीद. आमच्या गृहस्थांना इतर परदेशी प्रवाशांप्रमाणे वरच्या सज्जातून वास्तू पाहावी लागली. खाली नमाजाचा गालिचा, वर तो विशाल घुमट, आणि समोरच्या अर्धवर्तुळाकार भागी बालयेशूसह असलेल्या मेरीच्या चित्रासाठी लावलेले पडदे. ‘या ठिकाणी ख्रिस्ती मनुष्याच्या अंतःकरणाची काय अवस्था होत असेल,’ असे त्यांनी लिहिले होते, आणि पुढे एक वाक्य होते: ‘तुर्कांनी हे मंदिर बळकावले.’

मी समासात एक पुस्ती जोडली. १२०४ मध्ये चौथ्या धर्मयुद्धातील पश्चिमेकडील ख्रिस्ती सैनिकांनीच हे चर्च लुटले होते, आणि १२६१ पर्यंत ते रोमन पंथाच्या ताब्यात राहिले. ही दुरुस्ती त्यांनी तत्काळ व आनंदाने स्वीकारली. परक्यांच्या कलहातील सत्य स्वीकारण्यास काही मोल द्यावे लागत नाही, हे त्या वेळी माझ्या ध्यानी आले नाही.

पुढील पानावर धारनगरी होती. इंदुराहून धार ती किती दूर! तथापि तेथील लाट मशीद मी आजवर पाहिली नव्हती, हे कबूल करण्यास संकोच वाटतो. एका रविवारी आम्ही दोघे तेथे गेलो. माळव्याचा सुभेदार दिलावरखान दिल्लीपासून स्वतंत्र झाला आणि १४०५ मध्ये त्याने ही मशीद बांधविली. आत पाऊल टाकताच खांब बोलू लागतात. एकाची नक्षी दुसऱ्याशी जुळत नाही. कोठे घट, कोठे वेलपत्री. उंची साधण्यासाठी तुकड्यावर तुकडा चढविलेला. हे खांब मुळात देवळांचे, हे सांगण्यास पुरातत्त्वज्ञाची गरज नाही. बाहेर चौथऱ्यावर त्या प्रचंड लोहस्तंभाचे तीन तुकडे आडवे पडलेले आहेत. परंपरा तो राजा भोजाचा मानते. त्याच लोखंडावर १५९८ सालचा, अकबराच्या येथील मुक्कामाचा फार्सी लेखही आहे. गृहस्थ त्या तुकड्यांवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. इस्तंबूलच्या सज्जात ज्यांना कुतूहलयुक्त अनुकंपा वाटली, त्यांना येथे संताप आला. माझीही स्थिती वेगळी नव्हती. टाचणात क्रियापद होते ‘पाडले’, आणि कर्त्याचे नावही स्पष्ट होते. (याच नगरातील भोजशाळेविषयी येथे काही लिहीत नाही. २०२४ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने तिचे सर्वेक्षण झाले. तो वाद या लेखाच्या कक्षेबाहेरचा आहे.)

येथवर सर्व सरळ होते. अडचण आली ती तिसऱ्या पानाशी, दौलताबादच्या वर्णनापाशी. देवगिरीच्या किल्ल्यात १३१८ मध्ये कुतुबुद्दीन मुबारक खिलजी याने जामा मशीद बांधविली. तिचेही खांब पूर्वीच्या देवळांतले. सहाशे वर्षांहून अधिक काळ ती मशीद म्हणूनच ओळखली गेली. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यानंतर तेथे भारतमातेची मूर्ती बसविण्यात आली आणि वास्तूस ‘भारतमाता मंदिर’ हे नाव रूढ झाले. आमचे गृहस्थ तेथे पूर्वी गेले होते, मीही गेलो होतो. आम्ही दोघांनीही हात जोडले होते, आणि कोणताही प्रश्न आमच्या मनास शिवला नव्हता. टाचणातील वाक्य असे: ‘येथे भारतमातेची स्थापना झाली.’

वाचकांनी ही तीन वाक्ये शेजारी ठेवून पाहावीत. तुर्कांनी बळकावले, सुलतानाने पाडले, स्थापना झाली. पहिल्या दोहोंत कर्ता ठळक आहे. तिसऱ्यात तो अदृश्य झाला आहे, जणू पाऊस पडावा तशी ती घटना आपोआप घडली. मी हे दाखविताच ते किंचित रुष्ट झाले. ‘म्हणजे तुमच्या मते हे तिन्ही सारखेच की काय?’

सारखे नाहीत. नगर जिंकून, कत्तल करून घेतलेले देवालय आणि उभ्या वास्तूत आणून बसविलेली मूर्ती यांचे पाप एका तागडीत घालता येणार नाही. शिवाय दौलताबादचे खांब आपल्याच पूर्वजांच्या हातचे, हेही खरे. परंतु घटनांचे वजन भिन्न असणे ही एक गोष्ट, आणि ती घटना सांगताना आपली वाणी बदलणे ही दुसरी. सहा शतके ज्यांनी तेथे मस्तक टेकले त्यांच्याही घरी एखादा वृद्ध असेल, आणि आपण धारच्या स्तंभाकडे ज्या दृष्टीने पाहिले त्याच दृष्टीने तो त्या मेहराबीकडे पाहत असेल. इस्तंबूलच्या ख्रिस्ती मनुष्याची कल्पना ज्यांना सहज करता आली, त्यांना या वृद्धाची करता येऊ नये, याचे कारण बुद्धीची उणीव नव्हे. ते ममत्व आहे, आणि ते भक्तीचा वेष धारण करून येते म्हणून ओळखू येत नाही.

यावर वेदान्ताची एक सोयीस्कर वाट आहे, आणि मंडळात तिचा आश्रय घेणारे पुष्कळ आहेत. ईश्वर सर्वव्यापी, मूर्तीत आपण त्याचे आवाहन करतो व विसर्जनही करतो. दगड इकडचे तिकडे गेले म्हणून बिघडले काय? मला हे समाधान पटत नाही. देव दगडात कोंडलेला नव्हता हे मान्य; पण तेथे रोज दिवा लावणारा माणूस तर होता. देवाची हानी झाली नाही म्हणून त्या माणसावर अन्याय झाला नाही, असे ठरत नाही. धारच्या पुजाऱ्यास जे लागू, ते दौलताबादच्या नमाजीसही लागू.

अशा प्रसंगी आपल्या इंदूरकरांच्या मुखी अहल्याबाईंचे नाव येतेच. काशीविश्वेश्वराचे मंदिर १६६९ मध्ये औरंगजेबाच्या आज्ञेने पाडले गेले व तेथे मशीद उभी राहिली. देवी अहल्याबाईंनी १७८० च्या सुमारास त्या मशिदीच्या शेजारी नवे मंदिर बांधविले. सोमनाथासही भग्न मंदिर तसेच ठेवून जवळच दुसरे बांधविले. काशी त्यांच्या राज्यात नव्हती. त्यामुळे यात औदार्य किती आणि अपरिहार्यता किती, याचा निवाडा मी करू शकत नाही, आणि उत्सवातील वक्ते तो ज्या सहजतेने करतात ती मला साधत नाही. पण धारेची गोष्ट निराळी. तेथे अठराव्या शतकापासून १९४८ पर्यंत पवारांचे, म्हणजे मराठ्यांचेच, राज्य होते. हात धरणारे कोणी नसता लाट मशीद उभी राहिली आणि तिच्या दारी तो स्तंभही राहिला. त्यामुळेच आज आम्हांस तेथे दोन्ही गोष्टी वाचता आल्या: खांबांवरची जुनी नक्षी आणि ती कोणी कोठे नेऊन बसविली तेही.

परतीच्या वाटेवर गृहस्थ पुष्कळ वेळ स्तब्ध होते. इंदूर जवळ आल्यावर त्यांनी खिशातून टाचण काढले व तिसरे पान उलगडले. ‘स्थापना झाली’ यावर रेघ मारून ‘आपण मूर्ती बसविली’ असे लिहिले. नंतर ‘आपण’ खोडून ‘लोकांनी’ केले. थोड्या वेळाने तेही खोडले आणि ‘आपण’ पुन्हा लिहिले. मग मला विचारले, ‘मी तेथे हात जोडले, तेही सभेत सांगावे काय?’ मी म्हटले, सांगावे. आणि माझेही सांगावे.