उपयोग संपलेल्या जिवाचा हक्क

पाळलेले जनावर आजारी पडले तर त्याच्यासाठी माणसाने किती करावे, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. दोन दिवसांचा ताप असेल तर तो किरकोळच आहे. पण आजार बरा होणारा नसेल, औषध रोज आणि अखेरपर्यंत द्यायचे असेल, खर्च महिन्याच्या पगारातून निघत असेल आणि ज्याच्यासाठी हे सारे करायचे त्यालाच ते नको असेल, तर प्रश्नाचे स्वरूप बदलते. मग तो दया आणि हक्क, खर्च आणि कर्तव्य, प्रेम आणि हट्ट यांच्यातला प्रश्न होतो.

आमच्यापुढे तो एका मांजरीच्या निमित्ताने उभा आहे. आम्ही मावळातल्या सुदुंबऱ्यात राहतो. संत संताजी जगनाडे महाराजांच्या समाधीचे हे गाव. इथे बैल आजारी पडला तर काय करायचे हे लहान पोरालाही ठाऊक असते. म्हातारा बैल दावणीला उभा असेल तर पोळ्याला त्याच्याही शिंगांना रंग लागतो. पण मांजराला सलाईन लावायचे म्हटले की लोक हसतात. आमची मांजर तेरा वर्षांची आहे. तिची मूत्रपिंडे हळूहळू निकामी होत आहेत.

म्हाताऱ्या मांजरांमध्ये हा आजार फार आढळतो. मांजराचे पूर्वज कोरड्या, रखरखीत प्रदेशातले. कमी पाण्यात भागवायचे आणि लघवी घट्ट करून पाणी अंगातच राखायचे, ही त्यांच्या मूत्रपिंडांची करामत. ती शक्ती गेली की मांजर सारखे पाणी पिते, सारखी लघवी करते आणि तरी कोरडे पडते. वजन उतरते, अन्नावरची वासना जाते. रक्तातले क्रिएटिनिन स्पष्टपणे वाढलेले दिसते तेव्हा साधारण तीन चतुर्थांश काम बंद पडलेले असते. गेलेले परत येत नाही. उरलेले जपता येते. त्यासाठी फॉस्फरस कमी असलेले खाणे, रक्तदाब वाढला असेल तर त्याची गोळी (कारण वाढलेल्या दाबाने मांजराची नजर अचानक जाऊ शकते) आणि कातडीखाली सलाईन.

आमच्याकडे एक दिवसाआड शंभर मिली सलाईन द्यावे लागते. एकाने टॉवेलात धरायचे, दुसऱ्याने मानेमागची कातडी उचलून सुई घालायची. गोळी रोज. मांजराच्या जिभेला गोड चव कळतच नाही, म्हणून गुळात लपवून फसवण्याची सोय नाही. मासळीच्या तुकड्यातून दिली तर कधी तुकडा खाल्ला जातो आणि गोळी फरशीवर राहते. रमजानमध्ये आम्ही तिची गोळी सहरीच्या वेळेला बांधून टाकतो. घर उठलेलेच असते. शेजारी कुणी आपल्या मांजरासाठी विचारायला आले तर आम्ही आधी एकच सांगतो : घरातली पॅरासिटामॉल किंवा दुखण्याची गोळी कधीही देऊ नका. माणसाचे यकृत ज्या रीतीने पॅरासिटामॉलचा निचरा करते, ती रीत मांजराच्या शरीरात फार दुबळी आहे. एक गोळीही त्याचा जीव घेऊ शकते.

हे सगळे पाहून शेजारच्या काकूंनी एकदा विचारले, “काय हो बाई, आता ती उंदीरसुद्धा धरत नाही. मग कशासाठी एवढं?”

काकूंच्या प्रश्नामागे एक पूर्ण तत्त्वज्ञान आहे, आणि ते आम्ही शिक्षकच वर्गात शिकवतो. गाय दूध देते, कुत्रा राखण करतो, मांजर उंदीर मारते, असे प्राण्यांचे धडे उपयोगापासून सुरू होतात. इस्माईल मेरठी यांची गायीवरची कविता उर्दू शाळांत पिढ्यान् पिढ्या पाठ झाली. तिच्यातही गायीच्या देणग्यांची मोजदाद आहे. त्यात वावगे काही नाही. पण मूल यातून नकळत हेही शिकते की देणे थांबले की नाते संपले. पुढे हेच माप ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही लावू शकते. म्हणून मांजराचा प्रश्न मांजरापुरता राहत नाही.

आमच्या परंपरेत याचे उत्तर फार पूर्वी दिले गेले आहे. तेराव्या शतकात दमास्कस आणि काहिरा इथे नावाजलेले फकीह इज्जुद्दीन इब्न अब्दुस्सलाम यांनी जनावरांचे माणसावरील हक्क क्रमाने सांगितले. त्यांतला पहिलाच असा की मालकाने जनावरावर त्याच्या गरजेनुसार खर्च करावा. ते म्हातारे झाले, आजारी पडले, त्याच्यापासून काहीच लाभ उरला नाही, तरीही करावा. इथे शब्द ‘हक्क’ हा आहे. दया आपल्या मनावर असते, आज आहे तर उद्या नाही. हक्क समोरच्याचा असतो आणि आपल्याकडे थकबाकी म्हणून राहतो.

हा हक्क येतो कुठून? गल्लीतल्या प्रत्येक मांजराचे एवढे देणे आपल्यावर नाही. मग हिचेच का? मांजराला कोंडून मारणाऱ्या स्त्रीची हदीस आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ती आहे. ती ऐकताना आपले लक्ष उपासमारीवर जाते. पण तिच्यातला आरोप दुहेरी आहे : तिने खायलाही दिले नाही आणि स्वतःचे भक्ष्य शोधायला मोकळेही सोडले नाही. दार बंद करणे हेच जबाबदारीचे मूळ आहे. आम्ही तेरा वर्षांपूर्वी एका पिल्लाला घरात घेतले आणि त्याचे दार बंद केले. रानात मांजर एवढे जगलेच नसते. तिचे म्हातारपण आमच्या घराने घडवले आहे. तेव्हा म्हातारपणाचे दुखणे ‘निसर्गाचे’ म्हणून तिच्या माथी मारता येत नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा आहे आणि तो अधिक जड आहे. आमच्याच आळीतले एक गृहस्थ डायलिसिसवर आहेत. आठवड्याला अनेकदा शहरात जायचे, चार चार तास यंत्राला जोडून घ्यायचे. आजार तोच, मूत्रपिंडाचा. माणूस खाटेवर असताना मांजराच्या सलाईनवर खर्च करणे शोभते का?

या प्रश्नाला चिडून उत्तर देऊ नये. माणसाचा हक्क आधी, हे आम्हाला मान्य आहे. जकात माणसांची आहे, तिला मांजरासाठी हात लावता येत नाही. कर्ज काढून, मुलांची फी थांबवून, घरातल्या कुणाचे औषध पुढे ढकलून जनावराचा इलाज करणे म्हणजे एकाचा हक्क मारून दुसऱ्याचा फेडणे. म्हणून आमच्या घरी महिन्याची एक रक्कम ठरली आहे. तिच्यावर जायचे नाही. पण त्या मर्यादेच्या आत हा आक्षेप टिकत नाही. लग्नातल्या रोषणाईसमोर, नव्या मोबाईलसमोर कुणी डायलिसिसचा रोगी उभा करत नाही. तो फक्त मांजरासमोर उभा केला जातो. गरिबाचे नाव घेऊन मुक्या जिवाचे नाकारायचे आणि गरिबालाही काही द्यायचे नाही, ही कंजुषीची जुनी युक्ती आहे.

तिसरा आक्षेप आमच्याच समाजाकडे बोट दाखवून येतो. बकरी ईदला कुर्बानी करणाऱ्या घरात मांजराला सलाईन, हा विरोधाभास नाही का? आम्हाला तो तसा वाटत नाही, पण प्रश्न अडचणीचा आहे हे कबूल. कुर्बानीच्या जनावरासाठीही सुरी धारदार असावी, त्याच्यासमोर तिला धार लावू नये, त्याला त्रास देऊ नये, अशी ताकीद आहे. म्हणजे जीव घेण्याची परवानगी आहे तिथेही विनाकारण वेदनेची परवानगी नाही. दोन्ही ठिकाणी नियम एकच. जो हा नियम ईदला विसरतो त्याला मांजराच्या प्रेमाचे भांडवल करता येणार नाही.

आता उरतो तो सर्वांत कठीण प्रश्न, आणि तो बाहेरून कुणी विचारत नाही. हे औषध कोणासाठी आहे? माणसाला आपण सांगू शकतो की सुई आज टोचेल, उद्या बरे वाटेल. मांजराला ‘उद्या’ समजावता येत नाही. तिच्या वाट्याला फक्त सुई येते. तिच्यासाठी निर्णय आपण घेतो. आणि आपल्याला तर तिचा वियोग नको असतो. न्यायाधीश आणि पक्षकार एकच.

हे किती लांब जाऊ शकते, याचे उदाहरण अमेरिकेत दिसते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यकांनी १९८७ मध्ये मांजरात मूत्रपिंडाचे यशस्वी प्रत्यारोपण केले. मूत्रपिंड दुसऱ्या जिवंत मांजराचे घेतात. आजारी मांजराच्या घराने मग त्या दात्या मांजरालाही कायमचे सांभाळायचे, अशी अट असते. अट माणुसकीची आहे. तरीही दुसऱ्या मांजराला कुणी विचारले? आमच्या मते सीमारेषा इथे आहे. आपल्या लाडक्यासाठी आपल्या खिशातून द्यावे, आपली झोप द्यावी. दुसऱ्या मुक्या जिवाचे अवयव देण्याचा अधिकार आपल्याला नाही.

याच्या अलीकडच्या रोजच्या निर्णयांसाठी आम्ही एक साधी कसोटी धरली आहे. सुई निघाल्यावर मांजर थोड्या वेळाने येऊन अंग घासते, खाते, उन्हात पसरते, तोवर औषध तिच्यासाठी आहे. ज्या दिवसापासून ती दिवसभर खाटेखालून बाहेर येणार नाही, अन्नाकडे पाहणार नाही आणि आम्ही आल्यावर फक्त आक्रसेल, त्या दिवसापासून औषध आमच्यासाठी असेल. तेव्हा सुई थांबवायची. वेदना कमी करणारे तेवढे ठेवायचे, पाणी, ऊब आणि सोबत ठेवायची. इंजेक्शन देऊन शेवट करावा का, याबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेत आणि आमच्याच घरात दोन मते आहेत. पण इलाज थांबवणे म्हणजे साथ सोडणे नव्हे, यावर मात्र आमचे एकमत आहे.

काहिराचे अकराव्या शतकातले व्याकरणकार इब्न बाबशाध यांची एक हकिकत इब्न खल्लिकान यांनी नोंदवली आहे. मशिदीच्या छतावर मित्रांसह जेवताना एक मांजर पुन्हा पुन्हा येऊन तुकडा घेऊन जाई. मागोमाग जाऊन पाहिले तर ते एका आंधळ्या मांजराला भरवत होते. आंधळ्या मांजराची रोजी अल्लाह अशी पोहोचवतो, मग माझी का नाही, असे म्हणून इब्न बाबशाध यांनी सरकारी नोकरी सोडली. ही गोष्ट नेहमी तवक्कुल शिकवण्यासाठी सांगतात, आणि तो अर्थ बरोबरच आहे. पण वर्गात ती सांगितली की मुलांना आम्ही विचारतो : रोजी आकाशातून पडली का? नाही, कुणीतरी तोंडात धरून ती नेली. त्या नेणाऱ्या मांजराला आंधळ्याचा काही उपयोग नव्हता. सगळेच जर आंधळ्या मांजराचा तवक्कुल घेऊन बसले तर तुकडा नेणार कोण?

आमच्या मांजरीचे दिवस मोजके आहेत. सलाईनने ते वाढतील ते महिन्यांनी, वर्षांनी नव्हे. एवढ्यासाठी एवढे का, असे विचारणाऱ्याला आम्ही सांगतो की देण्याची मुदत संपत आली म्हणून देणे माफ होत नाही. आणि घरातली मुले टॉवेल धरून उभी असतात. जो कामाचा राहिला नाही त्याच्याशी कसे वागतात, हे ती तिथे पाहत असतात.