जरा बाजूला होता का?

मार्चच्या अखेरीस, उन्हं उतरल्यावर, सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यात कॅमेरा घेऊन गेलो होतो. बहमनी काळातला हा किल्ला सिद्धेश्वर तलावाच्या काठी आहे. दुहेरी तट, भोवती खंदक आणि आत आता बाग. मला साधंच चित्र हवं होतं: पुढे हिरवळ, मागे काळा तट, वर बुरूज. मधोमध मात्र एक माळीमामा पाइप धरून उभे होते.

"मामा, जरा बाजूला होता का?"

ते लगेच हटले. पाइपही ओढून घेतला. फोटो छान आला. त्यांना दाखवला, तर बुरुजाकडे न बघता म्हणाले, "कडेला पिवळं पडलंय की हो."

त्यांना वाईट वाटलं नव्हतं. मग मला का खटकत राहिलं?

फोटो म्हणजे निवड. मी रस्त्यावरची गर्दी वगळली, गवतातली प्लास्टिकची बाटली वगळली. वगळणंच चूक ठरवलं तर कॅमेरा हातात धरायलाच नको. पण बाटली वगळल्यानं हिरवळीबद्दल काही खोटं सांगितलं जात नाही. मामांना वगळल्यानं जातं: हे सगळं आपोआप हिरवं राहतं, असं चित्र म्हणू लागतं. जिथं वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि उजनीचं पाणी नळाला काही दिवसांआड येतं, तिथं हे खोटं लहान नाही. मार्चमधल्या हिरव्या गवतामागे कुणाचा तरी हात आणि कुठून तरी आणलेलं पाणी असतं.

कुणी म्हणेल, मामा राजीखुशीनं हटले, नुकसान कुणाचं झालं? त्यांचं नसेल. बघणाऱ्याचं होतं. अशी शंभर चित्रं पाहिली की सौंदर्य फुकट मिळतं असं वाटू लागतं आणि माळ्याच्या पगाराचा विषय निघाला की तो नसता खर्च वाटतो.

1818 साली इंग्रजांनी पेशव्यांच्या फौजेकडून हा किल्ला घेतला, हे पुस्तकांत आहे. खंदक खणणाऱ्यांची नावं नाहीत. ती काळाच्या ओघात हरवली, असं आपण समजतो. मला आता वाटतं, काही वेळा ते याहून सोपं असावं. कुणीतरी सभ्यपणे 'जरा बाजूला' म्हणतं आणि माणूस होतो.

मग प्रत्येक फोटोत मामांना उभं करायचं का? तेही नको. तिरपं ऊन, घामेजलेला चेहरा, खाली 'श्रमाचं सौंदर्य' अशी ओळ. म्हणजे आधी अडथळा होते, आता सजावट होतील. पुन्हा गेलो तेव्हा त्यांचा फोटो काढू का, असं विचारलं होतं. "माझा कशाला? तिकडून काढा, तिथं गवत दाट आलंय," म्हणाले. जागा त्यांनी निवडली, मी बटण दाबलं. तो फोटो पहिल्याइतका देखणा नाही.

एवढाच नियम मी स्वतःला घालून घेतला आहे: काम करणाऱ्याला हटवायचं नाही, थांबायचं. त्या संध्याकाळी थांबलो असतो तर ऊन गेलं असतं आणि फोटो हुकला असता. पण मी हटवलं तेव्हा मामा पाणी देत होते तो तुकडा अर्धाच भिजला होता.