विचारल्यावाचून केलेली तपासणी

बऱ्हाणपूरच्या राजघाटावर संध्याकाळी तापीकडे तोंड करून बसणाऱ्या वृद्धांत आमच्या ओळखीचे एक निवृत्त गुरुजी असतात. वय ६७. कसलीही तक्रार नव्हती. मुलाने वाढदिवसाची भेट म्हणून त्यांच्या संपूर्ण तपासणीचे पैसे भरले. रक्त दिले, आणि दुसऱ्या दिवशी हाती आलेल्या कागदावर पी.एस.ए. या अक्षरांपुढचा आकडा ठळक छापलेला होता. एका डॉक्टरांनी सांगितले, "ताबडतोब तुकडा काढून तपासा." दुसऱ्यांनी कागद बाजूला सारला व म्हटले, "या वयात असे असायचेच, घरी जा." गुरुजी मला म्हणाले, "दोघेही शिकलेले. पण ही तपासणी मला हवी होती का, हे मात्र कोणीच विचारले नाही."

हा प्रश्न वैद्यकाचा आहे, त्याहून अधिक तो नीतीचा आहे.

पुरुषाच्या मूत्राशयाखाली प्रोस्टेट नावाची लहानशी ग्रंथी असते. तिच्यात तयार होणारे एक द्रव्य रक्तात किती उतरले आहे, हे पी.एस.ए. तपासणी सांगते. कर्करोगात ते वाढते. परंतु वयोमानाने ग्रंथी फुगली किंवा तिला सूज आली, तरीही ते वाढते. आकडा वाढला म्हणून ज्यांचा तुकडा तपासला जातो, त्यांतील सुमारे चौघांत एकालाच कर्करोग निघतो. शिवाय हा रोग पुष्कळदा इतका मंद असतो की माणूस त्याच्यासह जगतो आणि दुसऱ्याच कारणाने मरण पावतो. उलट शस्त्रक्रियेने किंवा किरणोपचाराने लघवीवरचा ताबा जाणे, पुरुषत्व कमी होणे, असे त्रास काहींना जन्मभर राहतात.

मग ही तपासणी निरर्थक आहे काय? तसेही नाही. युरोपातील आठ देशांत १,६०,००० हून अधिक पुरुषांवर १९९३ पासून मोठा अभ्यास चालला. २०२५ साली त्याचे २३ वर्षांचे फळ प्रसिद्ध झाले: तपासणीसाठी बोलावलेल्या ४५६ पुरुषांमागे या रोगाने होणारा एक मृत्यू टळला. तो एक जण कोणाचा तरी बाप असतो. पण त्या एकासाठी कित्येकांना चिंता व अनावश्यक उपचार सोसावे लागतात. म्हणूनच अमेरिकेच्या सरकारी तज्ज्ञ मंडळाने २०१२ मध्ये ही तपासणी करू नये असे सांगितले, आणि २०१८ मध्ये ५५ ते ६९ वयाच्या पुरुषाने डॉक्टरांशी बोलून स्वतः ठरवावे, असा सल्ला दिला. आपल्या देशाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तोंडाच्या, स्तनाच्या व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी आहे, प्रोस्टेटची नाही.

सर्व तपासण्या सारख्या नसतात, हेही ध्यानात घ्यावे. उस्मानाबाद जिल्ह्यातील (आताचे धाराशिव) खेड्यांत सुमारे १,३१,००० स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात एकाच एच.पी.व्ही. तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू स्पष्टपणे कमी झाल्याचे २००९ साली दिसले. तिथे आग्रह करणे योग्यच. जिथे हित आणि अहित तराजूच्या दोन पारड्यांत जवळजवळ सारखे तोलले जाते, तिथे मात्र माप रुग्णाच्या हाती द्यावयास हवे.

डॉक्टर ते का देत नाहीत? सगळेच पैशासाठी करतात, असे म्हणणे अन्यायाचे होईल. भय हे मोठे कारण आहे. अमेरिकेत १९९९ साली डॅनिएल मेरेन्स्टाइन या शिकाऊ डॉक्टराने एका ५३ वर्षांच्या गृहस्थास या तपासणीचे दोन्ही पक्ष नीट समजावले. त्यांनी तपासणी नाकारली. पुढे दुसऱ्या डॉक्टरने न विचारताच ती केली, तेव्हा असाध्य कर्करोग आढळला. २००३ मध्ये खटला झाला. डॉक्टर सुटला, पण त्याला शिकविणाऱ्या संस्थेला दहा लाख डॉलर भरावे लागले. न विचारता तपासणी करणे हीच तिथली रीत, असा फिर्यादीचा युक्तिवाद होता. ज्याने खरे सांगितले तोच आरोपी ठरला! आपल्याकडेही १९९५ पासून वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आहे. तपासून मोकळे झाले की दोष येत नाही, असे डॉक्टरला वाटले तर नवल नाही. परंतु स्वतःच्या बचावासाठी केलेली तपासणी आणि रुग्णाच्या हितासाठी केलेली तपासणी, या बाहेरून सारख्या दिसल्या तरी देवापुढे एक नव्हेत. दोष रुग्णाचाही आहे. दहा मिनिटे बोलणारा डॉक्टर आम्हांला कमी वाटतो, दहा तपासण्या लिहिणारा हुशार वाटतो.

मार्काच्या दहाव्या अध्यायातील बार्तीमय आठवा. तो आंधळा आहे हे सर्व जमावाला दिसत होते. तरीही प्रभू येशूने त्याची इच्छा काय, हे आधी त्याच्याच तोंडून ऐकून घेतले. ज्याला सर्व ठाऊक, त्यानेही विचारले. मग ज्यांना थोडेच ठाऊक, त्यांनी न विचारता कसे चालेल? विचारण्यात माणसाचा मान आहे, कारण तो देवाच्या प्रतिरूपाचा आहे.

आपल्या मंडळीत हे विषय लाजेने झाकले जातात. पुरुष लघवीचा त्रास पत्नीलाही सांगत नाहीत. लघवीत रक्त येणे, धार अडणे, हाडे सतत दुखणे, ही लक्षणे असतील तर मात्र आढेवेढे न घेता डॉक्टरांकडे जावे. ती गोष्ट वेगळी. वडिलांना किंवा भावाला हा रोग झाला असेल, तर तेही अवश्य सांगावे. आणि तक्रार नसता तपासणी सुचविली गेली, तर नम्रपणे विचारावे: आकडा वाढला तर पुढे काय? काही न केल्यास काय? माझ्या जागी आपण असता तर काय केले असते? मुलांनीही बापाला तपासणी भेट देण्याआधी त्यांच्याजवळ घटकाभर बसावे.

गुरुजींनी तिसऱ्या एका डॉक्टरांकडे सर्व समजून घेतले, मुलासह प्रार्थना केली, आणि काही आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासून मगच पुढचे ठरवावयाचे असे ठरविले. आकडा काय येईल, कोण जाणे. पण परवा घाटावर ते म्हणाले, "आता जे येईल ते माझे आहे. ते मी प्रभूच्या हाती देऊ शकतो." जो निर्णय आपला झालाच नाही, तो प्रभूच्या हाती सोपविणार तरी कसा?